नाल्यावरच्या पाठकबाई

"माणूस दवाखान्यात उशिरा येतो. नाल्यात वेळेवर येतो."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या मुलाखतीत, आणि मला वाटलं, या बाईंचं काही खरं नाही. टेबलापलीकडं तिघं बसले होते. दोघांनी पुस्तकातलं विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. तिसऱ्या होत्या पाठकबाई. केस पांढरे, चष्मा डोक्यावर, पदर पिनेनं खांद्याला पक्का टाचलेला. त्या म्हणाल्या, "ते सगळं येतंय तिला. मला एवढंच सांग, तुला शी म्हणायची सवय आहे का?"

"नाही मॅडम. गोठा काढत काढतच बीएस्सी केलं."

"गाव?"

"बिडकीनच्या थोडं पुढं."

"बरं. बिडकीन, सोमवारी ये."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बिडकीनच राहिले. माणसाला त्याच्या गावानं हाक मारायची त्यांची रीत होती. नाव विसरलं तरी गाव विसरत नाही, असं त्या म्हणायच्या. फक्त रफिकभाईंना त्या रफिकभाईच म्हणत, कारण ते इथलेच, शहराच्या आतले. रफिकभाई आमची जीप चालवायचे, आणि दोरीला बाटली बांधून नाल्यात सोडण्याचं कामही त्यांचंच.

काम काय, तर शहराचं सांडपाणी तपासायचं. टायफॉइड असो, कावीळ असो नाहीतर कॉलरा, रोग्याच्या पोटातले जंतू आधी संडासात जातात, तिथून नाल्यात. माणूस मात्र दुखणं अंगावर काढतो, कुणी सांगितलेला काढा पितो, कामाचा खाडा परवडत नाही म्हणून ताप घेऊन कामाला जातो, आणि अगदीच आडवा झाला की दवाखाना गाठतो. तोवर गल्लीभर पसरलेलं असतं. म्हणून ठरलेल्या ठिकाणचं पाणी ठरलेल्या वारी आणायचं, मशीनवर लावायचं, आणि कुठल्या वस्तीत काय वर चढतंय ते महापालिकेला सांगायचं. दवाखान्याच्या आधी नाल्याला विचारायचं, इतकं साधं.

आमच्या घरी हे साधं वाटलं नाही. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. आईनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं की पोरगी औरंगाबादला लॅबमधी साहेब झाली. मी सुट्टीला गेले आणि खरं काम सांगितलं, तर तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"नाल्याचं पाणी भरायला डिग्री लागती व्हय?"

दादा, म्हणजे माझे वडील, उठून गोठ्यात गेले. पण पुढच्या महिन्यात मोसंबीची गोणी घेऊन ते थेट लॅबवर आले. मी नेमकी बर्फाचा डबा घेऊन जीपमधून उतरत होते. हातात मोजे, डब्यात काळ्या पाण्याच्या बाटल्या. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. पाठकबाईंनी ते पाहिलं. त्यांनी दादांना आत नेलं, खुर्ची दिली, आणि तालुक्याच्या बाजारात भेटल्यासारखं विचारलं, "जनावरं किती आहेत?"

"दोन बैल, एक म्हैस."

"म्हशीचं दुखणं तुम्ही आधी कशावरून ओळखता? तोंड बघून?"

"तोंडावरून काय कळतंय? श्याण बघायचं. पातळ झालं की समजायचं."

"मग तुमची लेक तेच करते. म्हशीच्या जागी अख्खं शहर आहे."

दादा हसले. लई हसले. आणि जाताना मला म्हणाले, "बाई बराबर हाय. हिला सोडू नको." गावात त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यानंतर आळीतल्या कुणाची म्हैस बसली की लोक आमच्या घरी विचारायला यायला लागले. आईला त्याचाही अभिमानच.

पाठकबाईंचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर दप्तराची भाषा बदलली, पण घरातली बोली तीच राहिली. त्यामुळं बाईंच्या पेठी मराठीत मधेच एखादा उर्दू शब्द चमकून जायचा. मशीन बिघडलं की "काय तमाशा लावलाय यानं", कुणी रिपोर्टची घाई केली की "फुरसतीनं बोला, नमुना शिजतोय". रफिकभाईंशी त्या त्यांच्याच बोलीत भांडायच्या. "रफिकभाई, बाटली तोंडापर्यंत कायको भरे? हलवायला जागा नको?" आणि रफिकभाई, "हौ मॅडम, अगली बार," म्हणून पुढच्या वेळीही तोंडापर्यंतच भरायचे.

नाल्यावर त्यांचा एकच कडक नियम होता. मोजे घाला, मास्क लावा, पण नाक मुरडायचं नाही. "समोर दारात बाई उभी आहे. तिच्या घरचं पाणी आहे ते. तिच्यासमोर शी म्हणायचं म्हणजे तिलाच म्हटल्यासारखं." जो शी म्हणेल त्यानं दिवसभर डबा उचलायचा. एकदा एक मोठे डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी शांतपणे डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जीपपर्यंत नेला, आणि जीपमधून उतरल्यावर लॅबपर्यंतही नेला. त्यानंतर ते बाईंचे मित्रच झाले.

दुसरी एक गोष्ट सगळ्या ऑफिसला माहीत होती. आमच्या शहरात नळ रोज येत नाही. काही दिवसांनी येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरात सण असतो. हौद, ड्रम, हंडे, कळश्या, पोरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरायच्या. पाठकबाईंकडं नळाचा दिवस असला की त्या अर्धा दिवस रजा घ्यायच्या, आणि साहेबांना सरळ सांगायच्या, "घरी नळ आहे." एवढ्या शिकलेल्या बाई, हाताखाली एवढी माणसं, आणि रजेचं कारण नळ. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, "हसा. पण जो हसला त्याच्या घरी कोण भरतंय ते विचारा." मग कुणी हसायचं नाही.

हर्सूलच्या अंगाला एक वस्ती आहे, तिला मी इथं चिंचबन म्हणते. खरं नाव वेगळं आहे. वस्तीचं नाव कुठं येऊ द्यायचं नाही असा बाईंचा शब्द होता, तो मी मोडणार नाही. वस्तीच्या मधून नाला जातो, आणि त्याच्या काठाला मंदाकाकूंचं घर. आम्ही पहिल्यांदा तिथं बाटली सोडली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय मोजताय? घरं पाडायचीत का?"

"नाही हो. आजार बघतोय."

"म्हंजी आता आमच्या वस्तीचं नाव पेपरात. पोरींना स्थळं यायची नायत."

बाईंनी शब्द दिला तो तेव्हा. मग मंदाकाकू जरा सैल झाल्या, ओट्यावर बसा म्हणाल्या, आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. बाई म्हणाल्या, "पाणी नको. चहा चालेल."

मंदाकाकूंचा चेहराच बदलला. आजूबाजूच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मंदाकाकू तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "व्हय. आमच्या घरचं पाणी तुम्हाला कसं चालंल? पाठक ना तुम्ही."

मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. आमच्या गावात असं कुणी कुणाच्या तोंडावर म्हणत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतं. पाठकबाई मात्र उलट ओट्यावर आणखी सरकून बसल्या.

"मंदाबाई, तुमच्या जातीला मी काय घाबरते? तुमच्या मोटारीला घाबरते. ती बघा." नळाच्या तोटीला लावलेली छोटी मोटार भिंतीला टेकून होती. "नळ आला की सगळी गल्ली मोटार लावून ओढते. लाइनीत पाणी कमी, ओढ जास्त. मग जिथं चीर असेल तिथून बाहेरचं आत येतं. बाहेर काय आहे, तुमच्यासमोरच वाहतंय. माझ्या घरीसुद्धा मी उकळल्याशिवाय घोट घेत नाही. तुम्ही हेच पाणी उकळून द्या, तांब्याभर पिते."

मंदाकाकू आत गेल्या. आम्हाला वाटलं, चहा येईल. त्यांनी खरंच पाणी उकळलं आणि वाफा निघणारा तांब्या बाईंच्या हातात ठेवला. मे महिना. वर पत्रे तापलेले. बाईंनी फुंकर मारत मारत तो तांब्या संपवला, घामानं निथळून. मधे मंदाकाकू म्हणाल्या, "राहू द्या की आता," तरी थांबल्या नाहीत. रिकामा तांब्या उपडा करून दाखवला. बायका हसायला लागल्या. तेव्हापासून चिंचबनात त्यांचं नाव नाल्याच्या बाई पडलं, आणि नमुन्याच्या दिवशी आम्हाला जागा करून द्यायला पोरांना सांगावं लागलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच नाल्यात काविळीचा विषाणू वर चढायला लागला. दवाखान्यात अजून एकही पेशंट नव्हता. ही कावीळ धडधाकट माणसाला काही आठवडे लोळवते, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतते. आणि मंदाकाकूंची लेक सीमा नुकतीच सातव्या महिन्यात माहेरी आली होती. बाईंनी रिपोर्ट स्वतः नेऊन दिला. प्यायला टँकर सुरू झाला, नळाचं पाणी फक्त वापरायला, आणि चीर कुठं आहे ते शोधायला गल्ली खणायचं ठरलं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ऐकलं, लगेच ऐकलं, हे मला मुद्दाम लिहायचंय. पेशंट यायच्या आधी टँकर गेला, असं या शहरात पहिल्यांदा झालं, आणि ते आमच्या लॅबमुळं झालं. मी त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं.

पुढचे दोन नमुने खाली आले. चांगलेच खाली. बाईंनी कळवलं की आजार उतरतोय. खणायचं काम मागं पडलं, कारण तेवढीच माणसं दुसरीकडं हवी होती. टँकरही दुसऱ्या वस्तीला द्यावा असं चाललं होतं. आणि नेमकी तेव्हाच मुंबईहून मोठी माणसं येणार होती. हे काम पुढं चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्यासमोरच्या बैठकीत ठरणार होतं. चिंचबनची गोष्ट तिथं सांगायची होती. माझी नोकरी, रफिकभाईंची नोकरी, मशीन, सगळं त्या बैठकीवर होतं.

बैठकीच्या दोन दिवस आधी पाठकबाईंच्या घरी नळ होता. त्या रजेवर. दुपारी त्यांचा फोन आला.

"बिडकीन, गेल्या दोन्ही वेळा आपण चिंचबनात गेलो तेव्हा तिथं नळ होता का?"

"माहीत नाही मॅडम. का?"

"मी अंगण धुतेय. माझ्या मोरीतून पाणी बघ कसं चाललंय, धो धो. एरवी इथून करंगळीएवढी धार जात नाही. मंदाबाईंना विचार."

मी मंदाकाकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "व्हय की, नळाचाच दिवस होता दोन्ही बारी. म्या गोधड्या धूत नव्हते का? तुमच्या त्या रफिकभाईच्या अंगावर उडालं, तर किती बोलला मला."

आमचा नमुना ठरलेल्या वारी. नळाला वार नसतो. मोठ्या लाइनीच्या दुरुस्तीनंतर चिंचबनचा नळ सरकून नेमका आमच्या वारावर आला होता. नळाच्या दिवशी वस्ती गोधड्या धुते, ड्रम घासते, अंगणं धुते, आणि ते सगळं पाणी त्याच नाल्यात येतं. विषाणू तेवढाच, पाणी कितीतरी जास्त. आजार उतरला नव्हता, पातळ झाला होता. रोज चोवीस तास पाणी असलेल्या गावातल्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नळ नसताना आम्ही पुन्हा बाटली सोडली. बैठकीच्या दिवशी सकाळी निकाल आला. पहिल्यापेक्षा वर.

लॅबमध्ये आम्ही तिघंच होतो. रफिकभाई हळूच म्हणाले, "मॅडम, मीटिंग हो जाने देव ना. दोपहर के बाद देव ये कागद. चार घंटे में क्या फरक पडता?"

मलाही तेच वाटत होतं. बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "बैठकीत टँकर काढायचं ठरलं की दुपारी तो निघून जाईल. परत आणायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत आहे, रफिकभाई. आणि सीमाचं पोट काय बैठकीसाठी थांबणार आहे?"

रफिकभाई म्हणाले, "हौ. ये बात भी सही."

बैठकीत मी मागच्या खुर्चीवर होते. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी कौतुकानं बाईंना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "चिंचबनचा माझा निकाल चुकला."

मग त्यांनी गोधड्यांपासून सगळं सांगितलं. मुंबईच्या एका साहेबांनी मधेच विचारलं, "म्हणजे इथं पाणी रोज येत नाही?" तेव्हा खोलीतले आमचे सगळे लोक एकमेकांकडं बघून हसले, आणि जरा हवा हलकी झाली. पण पाणीपुरवठ्याचे साहेब हसले नाहीत. त्यांना खरोखरच लागलं होतं.

"मॅडम, तुम्ही उतरतंय म्हणालात म्हणून मी माणसं काढली. आज म्हणता चढतंय. मग आम्ही विश्वास ठेवायचा कशावर?"

"चुकले तर तुमच्या आधी मी सांगते, त्याच्यावर ठेवा," बाई म्हणाल्या. "आमचं काम बंद करायचं असेल तर ते तुमच्या हातात आहे. पण टँकर काढू नका. आणि गल्ली खणा. ते तेवढं आज ठरवा."

आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. मी आयुष्यात भाषणं पुष्कळ ऐकली, पारितोषिक घेतानाची, सत्काराची. त्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो ते बरं झालं, कारण शिकल्यावर अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळतं.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी जेसीबी पाठवतो. तुम्ही या."

गल्ली खणली तेव्हा गल्लीतल्या मुख्य लाइनीला काही झालेलं नव्हतं. लोकांनी आपापल्या घरी नळ घेताना जवळची वाट म्हणून बारक्या नळ्या नाल्यातूनच ओढल्या होत्या. वर्षानुवर्षं घाणीत बुडालेल्या, जागोजागी चिरलेल्या. मोटार लावली की सरळ नाला घरात. गल्लीत आरडाओरड सुरू झाली, ही नळी कुणाची, ती कुणाची. बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "कुणाची ते विचारायचं नाही. सगळ्या काढायच्या." साहेबांनी सगळ्यांना एकदमच, नाल्याच्या वरून, नवी जोडणी द्यायचं कबूल केलं. मंदाकाकू एका नळीकडं बघत मटकन खाली बसल्या. ती त्यांची होती. सीमाच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं टाकलेली. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आमचं काम चालू राहिलं. आता आम्ही प्रत्येक नमुन्यासोबत पाणी किती पातळ आहे तेही मोजतो, आणि नळाचं वेळापत्रक लॅबच्या भिंतीवर असतं. बाहेरगावची माणसं ते बघायला येतात. मी त्यांना समजावून सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ असते, हे खरं.

पाठकबाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडं नाशिकला गेल्या. फोन होतात. पण मला त्या दिसतात त्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातल्या.

नव्या जोडण्या होऊन काही आठवडे गेले होते. चिंचबनचा नमुना खाली आला. बाईंनी विश्वास ठेवला नाही. नळ नसलेल्या दिवशी पुन्हा घ्यायला लावला, मग पुन्हा. तिन्ही खाली. मला वाटलं, आता साहेबांना फोन करतील. त्या म्हणाल्या, "जीप काढा."

गल्लीत उतरून त्यांनी बायकांना बोलावलं. सात-आठ जणी जमल्या. बाई उन्हातच उभ्या राहिल्या.

"मधे मी साहेबांना सांगितलं होतं की तुमच्याकडची कावीळ उतरली. ते चुकीचं होतं. त्यामुळं तुमचं खणायचं काम लांबलं. साहेबांना मी तेव्हाच सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. म्हणून आले."

पाठीमागं दाराच्या चौकटीला धरून सीमा उभी होती. नववा लागला होता तिला. डोळे स्वच्छ, पांढरेशुभ्र.

मंदाकाकूंनी विचारलं, "आता उतरलीया का?"

"आता उतरलीय. तीनदा बघितलं."

"मग उन्हात काय उभ्या? बसा की."

बाई ओट्यावर टेकल्या. चपला काढून पाय वर घेतले. आम्हाला त्याच फेरीत पुढच्या नाल्यावर जायचं होतं, डब्यातला बर्फ वितळत होता. मी घुटमळले, तर त्यांनी हातानंच मला सांगितलं, तुम्ही जा. रफिकभाईंनी जीप वळवली. मी मागं बघितलं तेव्हा सीमा एक हात भिंतीला लावून सावकाश खाली बसत होती, बाईंच्या शेजारी, आणि बाई तिला जागा करून द्यायला सरकत होत्या.